मद्य बोलतें कीं मनुष्य?

नांदेडच्या इतवाऱ्यांत उभे राहा किंवा लातूरच्या गंजगोलाईंत उभे राहा, एका विषयावर लोकांचे दोन निवाडे कानीं पडल्यावांचून राहत नाहींत. आणि नवल हें कीं दोन्ही निवाडे एकाच तोंडून निघतात. शेजारच्या गृहस्थानें रात्रीं पिऊन येऊन बायकोवर हात टाकला, तर दुसऱ्या दिवशीं मंडळी म्हणतात, "माणूस सोन्यासारखा आहे हो, तो नव्हे, त्याची दारू बोलली." त्याच गृहस्थानें आठ दिवसांनीं त्याच नशेंत आपल्या भागीदाराविषयीं चार वांकडे शब्द काढले, तर तीच मंडळी माना डोलावून म्हणतात, "पोटांत होतें तें ओठांवर आलें. शुद्धींत असतां इतकें खरें बोलला नसता." पहिल्या वेळीं दारू लबाड ठरते आणि दुसऱ्या वेळीं तीच हरिश्चंद्राचा अवतार ठरते. ज्याला आज खोटा म्हणावयाचें त्याच्याच शब्दावर उद्यां दुसऱ्यास दोषी धरावयाचें, असा साक्षीदार कोणत्याहि न्यायासनापुढें दोन प्रश्नांपलीकडे टिकणार नाहीं. घरांत व बाजारांत मात्र तो रोज टिकतो.

हा वाद केवळ पारावरच्या गप्पांचा असता तर त्याला या स्तंभांत जागा देण्याचें कारण नव्हतें. परंतु पहिल्या निवाड्याची किंमत कोणाची तरी पत्नी आपल्या अंगावरील वळांनीं भरते, आणि दुसऱ्या निवाड्याची किंमत वर्षानुवर्षांची भागीदारी, भाऊपणा किंवा सोयरीक मोडून भरावी लागते. तेव्हां नशेंत जो मनुष्य दिसतो तो खरा कीं खोटा, याचा एकदां शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

नशेला आरसा समजणाऱ्यांची बाजू आम्ही प्रथम मांडतों, आणि ती दुबळी करून मांडण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांचा मुख्य आधार आपल्याच एका म्हणीचा आहे: आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? बाटलींत कोणाविषयींचा द्वेष भरून येत नाहीं. जो द्वेष बाहेर पडतो तो पिणाऱ्याच्या मनांत आधींच असला पाहिजे. मद्यांत सत्य असतें अशी रोमन लोकांची म्हणच होती. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें प्राचीन इराणी लोकांविषयीं लिहून ठेविलें आहे कीं, महत्त्वाच्या मसलती ते मद्यपानाच्या बैठकींत करीत. आणि आपल्या महाभारतांतील मौसलपर्व तर सर्वांच्या परिचयाचें आहे. प्रभासतीर्थावर यादव मद्यानें धुंद झाले; सात्यकीनें कृतवर्म्यास निजलेल्या वीरांच्या हत्येवरून टोचलें; कृतवर्म्यानें उलट भूरिश्रव्याच्या वधाची आठवण करून दिली; सात्यकीनें त्याचें मस्तक उडविलें, आणि बघतां बघतां सारें कुळ आपसांत लढून नाहींसें झालें. 'यादवी' हा शब्दच त्या दिवसानें आपल्या भाषेस दिला. हीं शल्यें दारूनें निर्माण केलीं नव्हतीं. तीं युद्धापासून दोघांच्या उरांत होतीं. मग दारूनें सत्यच बाहेर काढलें असें कां म्हणूं नये?

पण हेच दाखले शेवटपर्यंत वाचले म्हणजे ते उलट साक्ष देतात. हिरोडोटस पुढें सांगतो कीं, रात्रीं ठरलेली मसलत दुसऱ्या दिवशीं शुद्धीवर आलेल्या त्याच मंडळींपुढें पुन्हां मांडीत, आणि तेव्हांहि ती पसंत पडली तरच तिच्यावर अंमल करीत. न पडली तर ती सोडून देत. म्हणजे मद्यानें सुचविलेल्या गोष्टीवर सकाळची सही लागे. आणि यादवांचें काय? भारतीय युद्ध संपल्यावर छत्तीस वर्षें सात्यकी व कृतवर्मा एकाच द्वारकेंत, एकाच सभेंत नांदले. शल्य तेंच होतें, शस्त्रें जवळच होतीं. तरी छत्तीस वर्षें एकानेंहि दुसऱ्यावर हात उचलला नाहीं. आतां वाचकांनींच सांगावें: या दोन पुरुषांचें खरें चारित्र्य कोणतें? छत्तीस वर्षांचा संयम, कीं एका बैठकींतील धुंदी? जो दुसरें उत्तर देईल त्यानें असें म्हटल्यासारखें होईल कीं, घराला आग लागते ती घटका खरी आणि घर उभें होतें तीं सारीं वर्षें खोटीं.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांना त्यांच्याच व्यवहारांतील दाखला देतों. मोंढ्यांतील एखाद्या पेढीची पत तिच्या गोदामांत काय काय पडलें आहे यावरून ठरत नाहीं. गोदामांत चांगली तूर असते, तशी किडकी असते, भिजून काळी पडलेली असते. पत ठरते ती कोणता माल वजनकांट्यावर चढूं द्यावयाचा आणि कोणता अडवावयाचा, या मालकाच्या निवडीवरून. मनुष्याच्या मनाचें गोदामहि असेंच आहे. राग, मत्सर, वासना, भीति यांचीं पोतीं कोणाच्या मनांत नाहींत? थोर संतांनींहि आपल्या मनांतील विकारांचा पाढा देवापुढें उघडपणें वाचला आहे. तेवढ्यावरून त्यांस कोणी विकारी म्हटलें नाहीं. विकार ओळखून ते आवरले म्हणूनच त्यांस संत म्हटलें. चारित्र्य म्हणजे गोदामांतला माल नव्हे. चारित्र्य म्हणजे ती निवड. दारू प्रथम या निवडणाऱ्यालाच निजवते. मालक निजल्यावर चोरांनीं बाहेर फेकलेला माल पाहून "हाच या पेढीचा खरा धंदा" असें म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण शहाणा म्हणूं काय?

आधुनिक शास्त्राचा कौलहि याच दिशेचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील व रॉबर्ट जोसेफ्स यांनीं १९९० सालीं एक उपपत्ति मांडली. तिला आपण मद्यजन्य ऱ्हस्वदृष्टि म्हणूं. नशेंत मनुष्यास जवळचें तेवढें दिसतें आणि दूरचें दिसेनासें होतें. समोरच्याचा एक टोमणा डोळ्यांत भरतो. त्याच्याशीं वीस वर्षांची मैत्री आहे, उद्यां सकाळीं त्याचें तोंड पाहावयाचें आहे, घरीं मुलें जागीं आहेत, हें सारें दृष्टीआड होतें. म्हणूनच एकच मद्य एकास भांडावयास लावतें, दुसऱ्यास रडावयास लावतें, तर तिसऱ्यास कर्णाचा अवतार करतें. हा तिसरा गृहस्थ गुत्त्यावर चार अनोळखी माणसांचे पैसे आपण भरतो व पाकीट रिकामें करून घरीं येतो. त्याच्या या औदार्यास कोणी त्याचा खरा स्वभाव म्हणत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो स्वतःच कपाळावर हात मारून घेतो. नशेंतील दान जर खरें नव्हे, तर नशेंतील शिवीच तेवढी खरी कशी?

येथपर्यंत वाचून कित्येकांस आनंद झाला असेल. ते म्हणतील, "आमचेंहि हेंच म्हणणें आहे, दोष दारूचा, आमचा नव्हे." त्यांनीं इतक्यांत टाळ्या वाजवूं नयेत, आतां पाळी त्यांची आहे.

जो मनुष्य नशेंत "आपण काय करतों याची शुद्ध नव्हती" असें सांगतो, त्याच्या वर्तनाकडे नीट पाहा. भर रस्त्यावर गर्जना करीत असतां फौजदार समोर आला, तर त्याचा आवाज आपोआप उतरतो. ज्याच्या घरीं मजुरीस जावयाचें त्या मालकाला तो शिवी देत नाहीं. ज्याचें देणें थकलें त्या सावकाराच्या ओट्यापुढून तो खालमानेनें जातो. हात उठतो तो घरीं पोहोंचल्यावर, आणि तो जिच्यावर उठतो ती उलट मारणार नाहीं हें ठाऊक असतें. बेशुद्धीला इतकी माणसांची पारख कोठून आली? फौजदार व पत्नी यांतला फरक ज्यास नशेंतहि कळतो, त्याची शुद्ध पुरतीच गेली होती असें आम्हांस वाटत नाहीं. त्यानें शुद्ध गमावली नाहीं; त्यानें सूट घेतली.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. १९७५ सालीं अमेरिकेंत ॲलन लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं पुरुषांस मद्य दिलें व कांहींस मद्याविना तसेंच पेय दिलें. परंतु पेल्यांत काय आहे याविषयीं निम्म्यांस खरें सांगितलें व निम्म्यांस खोटें. मग दुसऱ्या मनुष्यास विजेचे झटके देण्याची संधि त्यांस दिली. ज्यांस आपण प्यालों आहों असें वाटत होतें त्यांनीं अधिक तीव्र झटके दिले, मग पेल्यांत मद्य असो वा नसो. त्यापूर्वीं १९६९ सालीं मॅकअँड्र्यू व एजर्टन या दोन अभ्यासकांनीं जगांतील अनेक समाजांचें मद्यपान तपासून दाखविलें होतें कीं, प्यालेल्या मनुष्याचें वर्तन देशोदेशीं निराळें असतें. ज्या समाजानें नशेंत जें चालवून घेतलें तेंच तेथील लोक नशेंत करितात. दारूचा मेंदूवर परिणाम होत नाहीं असा याचा अर्थ नव्हे; तोल जातो, जीभ अडखळते, विवेक मंदावतो, हें खरेंच आहे. पण विवेक मंदावल्यावर पाय कोणत्या दिशेस वळतात, हें पुष्कळ अंशीं आपल्या समाजानें दिलेल्या सवलतीवर अवलंबून असतें. "दारू बोलली" हें वाक्य अशी एक सवलत आहे, आणि ती आपण सारे मिळून रोज वांटतों.

या दोन्ही टोकांमधून कायद्यानें जी वाट काढली आहे ती जाणण्याजोगी आहे. पहिला नियम व्यवहाराचा. १८७२ च्या करारविषयक कायद्याचें १२ वें कलम सांगतें कीं, अटी समजण्याची किंवा आपलें हिताहित ठरविण्याची शक्ति ज्यास नशेमुळें उरली नाहीं, तो तितका वेळ करार करण्यास पात्र नाहीं. म्हणजे नशेंतला शब्द हा मनुष्याचा खरा संकल्प, असें कायदा मानीत नाहीं. दुसरा नियम पुराव्याचा. कबुलीजबाब केवळ नशेंत दिला एवढ्याच कारणानें अग्राह्य ठरत नाहीं. हा १८७२ च्या पुरावा कायद्यांतील नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम आहे. परंतु ग्राह्य म्हणजे खरा नव्हे. त्याचें वजन न्यायाधीश इतर पुराव्याशीं ताडून ठरवितो. तिसरा नियम अपराधाचा. १८६० च्या दंडसंहितेंतील ८५ व ८६ हीं कलमें, जीं आतां भारतीय न्याय संहितेंत २३ व २४ झालीं आहेत, असें सांगतात: कोणी फसवून किंवा बळजबरीनें नशा दिली आणि त्यामुळें कृत्याचें स्वरूपच कळेनासें झालें तर तो अपराध नव्हे, पण ज्यानें आपल्या हातानें प्याला उचलला, त्यास शुद्धींतील मनुष्याइतकीच जाणीव होती असें धरूनच त्याचा न्याय व्हावयाचा.

या तिसऱ्या नियमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें १९५६ सालीं बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या खटल्यांत स्पष्ट केला. लग्नाच्या मेजवानीच्या वेळीं प्यालेल्या एका निवृत्त लष्करी जमादारानें, जरा सरकून जागा दे म्हटलें असतां न हललेल्या एका कोवळ्या मुलावर पिस्तूल झाडलें, मुलगा मेला. आरोपीतर्फें नशेची सबब पुढें आली. न्यायालयानें पाहिलें कीं, तो अधूनमधून झोकांड्या खात होता व बरळत होता हें खरें, पण स्वतःच्या पायांनीं चालत होता, सुसंगतहि बोलत होता, गोळी झाडल्यावर पळूं पाहत होता, आणि पकडल्यावर क्षमा मागत होता. ज्यास पळावेंसें वाटलें त्यास आपण काय केलें तें कळलें होतें. खुनाची शिक्षा कायम झाली.

पाहा, कायदा किती निःपक्षपाती आहे! नशेंतील शब्दास तो आंधळेपणानें सत्य मानीत नाहीं, आणि नशेंतील कृत्यास तो क्षमाहि करीत नाहीं. प्याल्याचा लाभ तो कोणत्याच बाजूस देत नाहीं. आपण मात्र नेमकें उलट करतों: शब्द सत्य मानतों आणि मार माफ करतों. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. जुन्या संहितेंत ८५ व ८६ हे आंकडे नशेच्या सबबीचे होते. नव्या संहितेंत तेच आंकडे पतीकडून पत्नीवर होणाऱ्या क्रूरतेच्या कलमांस मिळाले आहेत. सबबीची जागा जिनें सोसलें तिच्या संरक्षणानें घ्यावी, हें आंकड्यांपुरतें तरी घडलें. घरांत तें केव्हां घडणार?

मग मनुष्याचें खरें चारित्र्य पाहावें तरी कोठें? आमचें उत्तर असें: प्याल्याच्या आधीं आणि प्याल्याच्या नंतर, प्याल्याच्या आंत नव्हे. कचाची कथा घ्या. दैत्यांनीं कचाला जाळून त्याची राख मद्यांत कालविली आणि शुक्राचार्यांनीं आपल्या प्रिय शिष्याला नकळत पिऊन टाकलें. एवढा ज्ञानी, एवढा तपस्वी. पण पेल्यांत काय आहे हें त्यास उमगलें नाहीं. त्या घटकेवरून शुक्राचार्यांचा स्वभाव ठरवावयाचा काय? शुद्धीवर आल्यावर त्यांनीं "मद्यानें मला फसविलें" एवढेंच म्हणून सुटका करून घेतली नाहीं. पुढें जो ब्राह्मण मद्य पिईल त्याला ब्रह्महत्येचें पाप लागेल अशी मर्यादा त्यांनीं जगापुढें घातली. शुक्राचार्य खरे दिसतात ते तेथें.

उलट गडकऱ्यांचा सुधाकर पाहा. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला' या नाटकाचा हा नायक आमच्याच वकिली धंद्यांतला, बुद्धिमान व मानी. त्याचा शेवटचा प्याला नशेंतला आहे, परंतु पहिला प्याला शुद्धींतला आहे. अपमानानें जळत असतां तळीरामाच्या सांगण्यावरून तो पितो, तेव्हां त्याची बुद्धि जागी आहे. नाटकाचें नांवच सांगतें कीं हिशेब कोणत्या प्याल्याचा करावयाचा. आपण प्रेक्षक मात्र शंभर वर्षें सिंधूच्या सोशिकपणावर अश्रु ढाळून घरीं परततों, आणि घरच्या सिंधूला सांगतों, "जाऊं दे, तो शुद्धींत नव्हता."

यावर एक आक्षेप योग्य आहे. ज्याला दारूवांचून हात कांपतात, घाम सुटतो, झोंप लागत नाहीं, त्याचा पहिला प्याला मोकळ्या मनाचा असतो काय? नसतो. व्यसनाधीनता हा आजार आहे, हें वैद्यकानें मान्य केलें आहे, आणि दीर्घकाळच्या व्यसनी मनुष्यानें दारू एकाएकीं सोडल्यास झटके येऊन जीवासहि धोका होतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालींच सोडविली पाहिजे. परंतु आजार ही सबब नव्हे. तो उपचाराचा हुकूम आहे. पुण्यांत १९८६ सालीं अनिता व अनिल अवचट या दांपत्यानें उभें केलेलें मुक्तांगण हेंच शिकवीत आलें आहे कीं, व्यसनी मनुष्याचा तिरस्कार करूं नये आणि त्याच्या सबबीहि ऐकूं नयेत. आजारी मनुष्याची परीक्षा त्याच्या रात्रीवरून नव्हे, तर सकाळीं तो दवाखान्याची वाट धरतो कीं गुत्त्याची, यावरून करावी.

हें सांगतांना आमच्या प्रांताचा इतिहास आम्ही विसरूं शकत नाहीं. निजामी राजवटींत शिंदी-दारूची आबकारी हें सरकारी उत्पन्नाचें मोठें साधन होतें. म्हणून १९४७ सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यांत मराठवाड्याच्या गांवोगांवीं शिंदीचीं झाडें तोडण्याचा सत्याग्रह झाला. त्या घावांचा रोख निजामाच्या तिजोरीवर होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची सत्ता गेली. शिंदीची तिजोरी गेली काय? आज आपल्या राज्यांत जो मुख्य कायदा चालतो त्याचें नांव दारूबंदीचें आहे, आणि त्याच कायद्याखालीं परवाने देऊन महसूल गोळा होतो. दुकानाच्या उंबऱ्याच्या आंत तो पिणारा मनुष्य सरकारचें उत्पन्न ठरतो, आणि बाहेर येऊन गोंधळ घालतांच त्याच कायद्याच्या ८५ व्या कलमाचा आरोपी होतो. दोन निवाडे एका तोंडानें देण्याची खोड केवळ आमच्या शेजाऱ्यांसच आहे असें नाहीं.

सरकारचें मन वळविणें हें दीर्घ काळाचें काम आहे, आणि तें केलेंच पाहिजे. २००८ च्या आदेशानें गांवांतील व वॉर्डांतील स्त्रियांस मागणी करून मतदान घडवून आणण्याचा अधिकार दिला आहे. ठराविक बहुमतानें 'आडवी बाटली' निवडून आली म्हणजे दुकान बंद करावें लागतें. या अधिकाराचा उपयोग नांदेड-लातूरकडील भगिनींनीं करावा, आणि पुरुषांनीं त्यांच्या आड येऊं नये. परंतु ज्याला आदेश लागत नाहीं आणि मतपेटीहि लागत नाहीं, असें एक काम आजच करतां येण्यासारखें आहे. प्यालेल्या मनुष्याच्या तोंडचें ऐकून कोणाशीं वैर धरूं नये. बोलावयाचें असेल तर त्यास दुसऱ्या दिवशीं शुद्धींत बोलावून विचारावें. बैठकींत झालेल्या सौद्यावर सही करूं नये, करवूं नये. आणि जेथें हात उठला असेल तेथें "दारू बोलली" हें वाक्य आपण स्वतः उच्चारूं नये, व दुसऱ्यानें उच्चारलें तर तें चालूं देऊं नये. सासूनें सुनेस, बापानें लेकीस, शेजाऱ्यानें शेजारणीस हें वाक्य सांगणें ज्या दिवशीं थांबेल, त्या दिवशीं पिणाऱ्याच्या हातांतील अर्धा परवाना आपोआप रद्द होईल.

मद्य मनुष्याला दाखवीत नाहीं आणि नवा मनुष्य घडवीतहि नाहीं. तें त्याच्यांतील मालकाला बाजूस सारतें, आणि तसें सारूं देण्याचा निर्णय त्या मालकानेंच जागेपणीं घेतलेला असतो. म्हणून बाटलीला काय विचारावयाचें? सूर्य उगवल्यावर त्या मनुष्यालाच विचारावें, आणि त्यानें मान खालीं घातली तरी उत्तर घेतल्यावांचून त्याला सोडूं नये.